प्रार्थनेचा विषय आहे, कुणाला सांगू नका

आमच्या चर्चच्या लोकांमध्ये एखादी बातमी फिरवायची असेल तर आधी "प्रार्थनेचा विषय आहे बरं का" एवढं म्हणावं लागतं, मग पुढे काहीही बोलायला मोकळीक. अमक्याच्या मुलीचं जमलेलं मोडलं, तमक्याचा मुलगा पुण्यात कुणाबरोबर तरी राहतो म्हणे, त्यांचे घराचे हप्ते थकलेत, ह्यांच्या सुनेला दिवस राहत नाहीत, सगळं चालतं. शेवटी "कुणाला सांगू नका हं" हेपण असतंच, आणि ते ऐकणारा माणूस पुढच्याला सांगताना तेवढं वाक्य मात्र न चुकता जसंच्या तसं सांगतो.

माझ्या नवऱ्याचं काम गेलं होतं तेव्हाची गोष्ट. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होता, कारखान्याने माणसं कमी केली, त्यात हा गेला. मी एका मावशींना सांगितलं, कारण त्यांची बऱ्याच ठिकाणी ओळख आहे. त्या म्हणाल्या प्रार्थना करते, आणि केलीच असणार, त्याबद्दल मला आजही शंका नाही. मग जानेवारी आला, सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरला, आम्ही सगळे होम मैदानावर गेलो, लेकराला पाळण्यात बसायचं होतं म्हणून रांगेत उभे, तर मागून एक ओळखीचे गृहस्थ आले आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या भोंग्यांच्या आवाजातही ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणाले, "ब्रदर, नोकरीचं टेन्शन घेऊ नका, आमच्या सगळ्या ग्रुपमध्ये तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे." माझ्या सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना आम्ही अजून काहीच सांगितलेलं नव्हतं, त्यांचं बीपीचं दुखणं होतं म्हणून थांबलो होतो.

आता यातली गंमत म्हणा नाहीतर काय म्हणा, या सगळ्या साखळीत कुणीही एक शब्द खोटा बोललेलं नव्हतं. काम खरंच गेलं होतं, प्रार्थना खरंच चालली होती, आणि त्या गृहस्थांना खरंच आमची काळजी वाटत होती. दहा आज्ञांमधली खोट्या साक्षीची आज्ञा कुणीच मोडली नव्हती. मला वाटतं आमची अडचण इथंच आहे. खोटं बोलणं पाप आहे हे आम्हाला लहानपणापासून पाठ आहे, पण खरं असलेलं पण आपलं नसलेलं बोलणं, त्याला आम्ही काहीच म्हणत नाही, उलट त्याला आम्ही सहभागिता म्हणतो.

त्यात आमचं गाव सोलापूर. इथं स्पष्ट बोलणं हा दागिना मानतात. "मी तोंडावर बोलतो बे, पोटात एक ओठात एक असलं जमत नाही आपल्याला", हे वाक्य टिळक चौकापासून अक्कलकोट रोडपर्यंत कुठेही, मराठीत, कानडीत, तेलुगूत, कुठल्याही भाषेत ऐकायला मिळेल. पूर्व भागातले माझे शेजारी तर आयुष्यभर यंत्रमागाच्या खटखटीत काम केलेले, त्यांच्या घरातलं भांडण आणि त्यांच्या घरातलं कौतुक दोन्ही एकाच आवाजात चालतं, आम्हाला दोन्ही ऐकू येतं. मला हा मोकळेपणा आवडतो, खोटं कशाला बोलू, पुणेरी गोडगोड कात्रीपेक्षा हे बरं. पण तोंडावर बोलतो म्हणणारी माणसं प्रत्यक्षात तोंडावर किती बोलतात ते एकदा मोजून बघायला पाहिजे, कारण माझा अनुभव असा की ती एकाच्या तोंडावर दुसऱ्याबद्दल बोलतात.

जिभेबद्दल प्रवचन असलं की बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय येणारच. घोड्याच्या तोंडातला लगाम, मोठ्या जहाजाचं छोटं सुकाणू, एवढ्याशा ठिणगीने पेटणारं रान. सगळ्यांना माहीत असतं, बायका माना डोलवतात, पुरुष बायकांकडे बघतात. पण त्या अध्यायाचं पहिलं वाक्य काय आहे ते कितीजणांना आठवतं? याकोब सुरुवातच करतो ती शिक्षकांपासून. तुमच्यातल्या फार जणांनी शिक्षक होऊ नका, आपला न्याय जास्त कडक होणार आहे, असं सांगतो, आणि मग जिभेवर येतो. म्हणजे तो अध्याय नळावर बोलत उभ्या राहिलेल्या बायकांसाठी नंतर आहे, पुलपिटवर उभं राहून प्रवचन देणाऱ्या माणसासाठी आधी आहे. हे मी एकदा एका पाळकसाहेबांना म्हटलं तर ते हसले आणि म्हणाले, ताई, म्हणून तर आम्ही तिसऱ्या वचनापासून वाचतो. विनोद चांगला होता, पण पूर्ण विनोद नव्हता.

कारण एखादं कुटुंब पाळकांकडे रात्री दहा वाजता रडत गेलेलं असतं आणि पुढच्या काही रविवारी प्रवचनात "नाव घेत नाही, पण आपल्यातलंच एक कुटुंब" असं उदाहरण येतं. मोठ्या शहरात खपून जाईल. आमच्यासारख्या मंडळीत, जिथं कुणाची दुचाकी कुणाच्या दारात लागली हेसुद्धा कळतं, तिथं "नाव घेत नाही" याचा अर्थ मागे वळून बघा एवढाच होतो. नाथान संदेष्ट्यानेसुद्धा दावीद राजाला त्याचं पाप दाखवायला उदाहरणच दिलं होतं की, श्रीमंत माणूस गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून घेतो. पण ते ज्याच्याबद्दल होतं त्यालाच सांगितलं, दुसऱ्यांना जमवून दावीदाची गोष्ट नाही सांगितली. आणि सांगितलंही असं की राजा आधी स्वतःच रागाने पेटला, असं करणारा माणूस मरणालाच लायक आहे म्हणाला, मग त्याला सांगितलं की तो माणूस तूच. माझ्या मते अख्ख्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, शहाणपणाने बोललेलं याच्याइतकं धाडसी बोलणं दुसरं नाही.

पण मला खरं बोलायचंय ते दवेगाबद्दल. संडे स्कूलमध्ये दावीद आणि गल्याथ शिकवतात, दावीद आणि योनाथान शिकवतात, दवेग कुणी शिकवत नाही. १ शमुवेल, अध्याय २१ आणि २२. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठलाय, दावीद पळत पळत नोब नावाच्या गावी येतो, तिथला याजक, म्हणजे पुजारी, अहीमलेख त्याला बघून घाबरतो, एकटाच कसा आलास विचारतो. दावीद चक्क थाप मारतो की राजाच्या गुप्त कामावर निघालोय. अहीमलेख बिचारा त्याच्यावर विश्वास ठेवून पवित्र भाकर देतो, गल्याथाची तलवार देतो. आणि तिथं त्या दिवशी शौलाच्या मेंढपाळांचा मुख्य दवेग अदोमी हजर असतो. तो काही बोलत नाही, फक्त बघतो.

मग पुढचा सीन. शौल गिबात झाडाखाली बसलाय, हातात भाला, भोवती नोकर, आणि त्याचं सुरू आहे की तुम्ही सगळे माझ्याविरुद्ध आहात, माझा मुलगा त्या दावीदाला मिळाला तरी मला कुणी सांगत नाही, माझ्याबद्दल कुणाला काही वाटत नाही. असे साहेब आपण सगळ्यांनी बघितलेत, स्वतःची कीव करतात आणि त्या किवेच्या जोरावर लोकांकडून माहिती काढतात. अशा वेळी गप्प बसणं खरंच अवघड असतं कारण एक वाक्य बोललं की आपण एकदम जवळचे होतो. दवेग ते वाक्य बोलतो. मी दावीदाला नोबात अहीमलेखाकडे बघितलं, त्याने त्याच्यासाठी परमेश्वराला विचारलं, अन्न दिलं, तलवार दिली. संपलं. एवढंच बोलतो तो, आणि जे झालं तेच सांगतो.

त्यानंतर शौलाने अहीमलेखाला आणि बाकीच्या याजकांना बोलावून घेतलं. अहीमलेख म्हणाला मला यातलं काहीसुद्धा माहीत नव्हतं, तुमच्या सेवकांत दावीदाइतका विश्वासू कोण आहे, मी त्याला मदत केली तर त्यात काय चुकलं. शौलाने ऐकलं नाही. शिपायांनी याजकांवर हात टाकायला नकार दिला, तेव्हा दवेगानेच त्यांना मारलं, एका दिवसात ८५ याजक, आणि पुढे नोब गावातली बायकामुलं, तान्ही बाळं, गुरंढोरंसुद्धा. अहीमलेखाचा मुलगा अब्याथार तेवढा एकटा निसटून दावीदाकडे पोचला, आणि दावीद त्याला म्हणतो की तो दवेग तिथे होता तेव्हाच मला वाटलं होतं हा सांगणार, तुझ्या घराण्याच्या मरणाला मीच कारण झालो.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मला गोंधळ झाला होता की इथे खोटं बोललाय दावीद, खरं बोललाय दवेग, आणि शास्त्र दोषी कुणाला धरतं तर दवेगाला. स्तोत्र ५२ उघडा, त्याच्या मथळ्यात दवेगाचंच नाव आहे, आणि आत काय लिहिलंय तर तुझी जीभ धार लावलेल्या वस्तऱ्यासारखी आहे, तुला खरं बोलण्यापेक्षा खोटं आवडतं. खोटं? तो तर खरंच बोलला होता! मग परत मागे जाऊन वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्याने काय सांगितलं ते बघायचं नाही, काय गाळलं ते बघायचं. अहीमलेख घाबरला होता, एकटा कसा म्हणून विचारत होता, दावीदाने त्याला राजाच्या कामाचं सांगितलं, हे सगळं गाळलं. सगळे तुकडे खरे, पण निवडलेले, आणि भाला हातात घेतलेल्या माणसापुढे ठेवलेले. त्या बोलण्याला स्तोत्र खोटं म्हणतं. मला वाटतं आपल्याकडच्या निम्म्या बातम्या या जातीच्या असतात. "मुलगी रात्री अकराला आली, मी स्वतः बघितलं", बघितलं असेल, पण ती दवाखान्यातून आली हे सांगायचं राहिलं.

याच्या उलट माझी आत्या. नर्स होती, नोकरीची सगळी वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात गेली. ख्रिस्ती घरात नर्स असणं म्हणजे काही विशेष नाही, आमच्या प्रत्येक घरात एक तरी असतेच, पण आत्याचं वेगळेपण असं की तिला अर्ध्या सोलापूरचं पोटातलं माहीत होतं आणि तिच्याकडून कधीच काही बाहेर आलं नाही. कुणाचं मूल कसं झालं, कुणी कशासाठी येऊन गेलं, कुणाच्या नवऱ्याने तिसरी मुलगी झाली म्हणून पाळण्याकडे बघितलं नाही. लग्नकार्यात बायका तिला घेरायच्या, "सिस्टर, त्या अमकीचं काय झालं होतं हो तेव्हा?" आत्या शांतपणे विचारायची, "तुझ्या गुडघ्याचं काय झालं गं, तेल लावतीस का?" आणि ती बाई पुढची वीस मिनिटं स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलायची. मला ती युक्ती वाटायची, आता वाटतं की युक्ती होतीच पण वर दयाही होती, कारण समोरच्या बाईला अपमान न करता थांबवलं जायचं. नीतिसूत्रांच्या ११ व्या अध्यायात आहे, चहाडखोर गुपितं उघडी करत फिरतो, विश्वासू मनाचा माणूस गोष्ट झाकून ठेवतो. आत्याने ते वचन कधी म्हणून दाखवलं नाही. तिला वचनं म्हणून दाखवायची सवयच नव्हती, घरातले काका त्यासाठी पुरेसे होते.

एकदा मी तिला विचारलं होतं की एवढं सगळं पोटात ठेवून त्रास नाही का होत. ती म्हणाली, "माझं असतं तर झाला असता, ते माझं नव्हतंच की." बस. पुढे भाकरी थापायला लागली.

हे "माझं नव्हतंच" मला फार दिवस पुरलंय. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात येशूने भावाचा अपराध झाला तर काय करायचं त्याचा अगदी क्रम लावून दिलाय. आधी तू जा, तो आणि तू, दोघंच असताना बोल. नाही ऐकलं तर एक-दोन जणांना बरोबर घे. तरी नाही ऐकलं तर मग मंडळीला सांग. आमच्याकडे हा क्रम तंतोतंत पाळला जातो, फक्त उलट्या दिशेने. आधी ग्रुपवर, मग दोघा-तिघांना फोन, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याच्याकडे शेवटी, किंवा जातच नाही, त्याला गड्ड्यात पाळण्याच्या रांगेत कळतं.

ग्रुपवरून आठवलं, नीतिसूत्रांच्या २७ व्या अध्यायात एक वचन आहे ते मी कितीदा तरी स्टेटसला ठेवायचं ठरवून ठेवलेलं नाही. पहाटे उठून मोठ्या आवाजात शेजाऱ्याला आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शापच समजला जाईल, असा त्याचा भावार्थ. पहाटे साडेचारला फुलांचा फोटो आणि वचन पाठवणाऱ्या सगळ्या प्रिय बंधुभगिनींवर माझं प्रेम आहे, एवढंच सांगते.

दुःखाच्या घरातलं बोलणं हा तर वेगळाच विषय. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या तीन मित्रांची आपण फार टिंगल करतो, पण त्यांनी सुरुवातीला जे केलं ते आपल्यातल्या कितीजणांना जमेल? ते लांबून आले, त्याला ओळखूसुद्धा शकले नाहीत इतका तो बदललेला, मोठ्याने रडले, आणि मग सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी एक शब्द बोललं नाही कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. सगळा घोटाळा ते बोलायला लागल्यावर झाला. आणि बोलले काय, तर धार्मिकच बोलले. देव न्यायी आहे, पाप केल्याशिवाय असं होत नाही, पश्चात्ताप कर. शेवटी देव त्यांच्यातल्या अलीफजाला सांगतो की माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर भडकलाय, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं. म्हणजे देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांवरच देव चिडला, आणि देवाशी भांडणाऱ्याला म्हणाला हा नीट बोलला. आमच्याकडे कुणाचा तरुण मुलगा गेला की दारातच सुरू होतं, देवाला चांगली फुलं लवकर लागतात, त्याची योजना असते, तुम्ही रडू नका, तो चांगल्या ठिकाणी गेलाय. त्या आईला विचारा तिला काय ऐकू आलं. चहा करायला आत जाणं, चपला सरळ लावणं, पाणी चार दिवसांआड येतं आपल्याकडे तर त्या घरची पिंपं भरलीत का बघणं, अशी कामं भरपूर असतात. पण तोंड रिकामं राहिलं की आपल्याला चुकल्यासारखं होतं.

आता बाहेरच्या जगात बोलण्याबद्दल. सोलापुरात ख्रिस्ती माणसं थोडी. आमच्या गल्लीत एका बाजूला लिंगायत, समोर पद्मशाली, मागे मुसलमान, शेंगाचटणी सगळ्यांची एकाच दुकानातून येते. अशा ठिकाणी आमच्यातले काही तरुण, आणि तरुण कशाला, माझ्याहून मोठे लोकपण, दुसऱ्यांच्या देवांबद्दल काहीतरी टोचून लिहिलेले मेसेज पुढे ढकलतात आणि त्याला धैर्याची साक्ष म्हणतात. मी त्यांना प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ वाचायला सांगते. इफिसात अर्तमी देवीचं भलंमोठं मंदिर, देवीची चांदीची देव्हारी करणारा देमेत्रिय सोनार, त्याचा धंदा बसायला लागला म्हणून त्याने लोकांना भडकवलं, सगळं शहर नाट्यगृहात जमलं, तिथं येशूबद्दल शिकवणाऱ्या पौलाच्या दोन सोबत्यांना ओढत नेलं, दोन तास एकच घोषणा, इफिसकरांची अर्तमी थोर. हे पुस्तक लिहिणारा लूक मधेच एक वाक्य टाकतो की बहुतेकांना आपण कशासाठी जमलोय हेच माहीत नव्हतं. (गर्दी कुठल्याही शतकातली असो.) पौलाला आत जायचं होतं. शिष्यांनी जाऊ दिलं नाही. त्या प्रांतातल्या काही अधिकाऱ्यांनी, जे त्याचे मित्र होते, निरोप पाठवला की नाट्यगृहात जायचं धाडस करू नको. आणि पौल, ज्याने फटके खाल्लेत, दगड खाल्लेत, तो थांबला. त्या दिवशी त्याने भाषण केलं नाही.

पण त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. शेवटी शहराचा चिटणीस गर्दीला शांत करतो आणि म्हणतो की या माणसांनी मंदिर लुटलेलं नाही आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. हे कोण बोलतंय, तर जो ख्रिस्ती नाही तो. पौल त्या शहरात दोन वर्षांहून जास्त राहिला होता, रोज शिकवत होता, लोक आपल्या जादूच्या पोथ्या जाळत होते इतका परिणाम झाला होता, आणि तरी शहराचा अधिकारी सगळ्यांसमोर सांगू शकला की यांनी आपल्या देवीला शिव्या दिल्या नाहीत. आपल्या गल्लीतला माणूस आपल्याबद्दल असं छातीठोक सांगेल का, हा प्रश्न मी त्या मेसेजवाल्यांना विचारते, तेव्हा ते म्हणतात सिस्टर तुम्ही भिता. येशूने सापासारखं चतुर आणि कबुतरासारखं साधं व्हायला सांगितलं, आणि ते सांगितलं ते लांडग्यांत मेंढरं पाठवतोय असं म्हणून. भीतीचं कारण त्याला माहीत होतंच की.

मग उत्तर द्यायचंच नाही का कधी? इथं शलमोनाने मजा केलीय. नीतिसूत्रांच्या २६ व्या अध्यायात चौथं वचन म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील. लगेच पाचवं म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. एकाखाली एक, बाजूबाजूला. ज्यांना शास्त्रात सरळ नियम हवे असतात त्यांची इथं पंचाईत होते. मला मात्र हे दोन्ही एकत्र ठेवलेत हेच आवडतं, कारण माणूस कोण आहे, ऐकणारे कोण आहेत, आज सकाळी त्याचं काय झालंय, हे बघितल्याशिवाय दोन्हीपैकी कुठलं लागू ते ठरतच नाही.

इथपर्यंत लिहिलेलं वाचून कुणी सासरा किंवा कुणी वडीलधारा खूश होत असेल की बघा, गप्प बसा असंच शास्त्र सांगतं, तर त्यांच्यासाठी थोडं बाकी आहे. जीभ आवरा हे आमच्याकडे सगळ्यात जास्त कुणाला ऐकवलं जातं? सुनेला. नवरा पिऊन आला, हात उचलला, पाळकांकडे गेली तर "बहिणी, सौम्य उत्तराने राग निवतो", नीतिसूत्रे १५. वचन खरं आहे. कुठे वापरलं ते बघा. परत तेच, दवेगाचं खरं. तिथं सौम्य उत्तर कमी पडत नव्हतं, ती तर उत्तरच देत नव्हती.

आणि लग्नात जो अध्याय वाचतात ना, सद्गुणी स्त्री कोणाला मिळते, नीतिसूत्रे ३१, तो दहाव्या वचनापासून वाचतात. त्याच्या आधीची दोन वचनं कुणी वाचत नाही. तिथं एक आई आपल्या राजा झालेल्या मुलाला, लमुएलाला, सांगतीय की जे मुके आहेत त्यांच्यासाठी तू तोंड उघड, तोंड उघड आणि गरिबाचा न्याय कर. आईची शिकवण आहे ती. आणि पुढे त्या सद्गुणी स्त्रीबद्दलही ती गप्प बसते असं लिहिलेलं नाही, ती आपलं तोंड शहाणपणाने उघडते असं लिहिलंय. स्तोत्र ३९ मध्ये दावीद तोंडाला लगाम घालायचं ठरवतो, चांगलं बोलण्यापासूनसुद्धा गप्प राहतो, आणि स्वतःच सांगतो की माझं दुःख आणखी वाढलं, आतून मन तापलं. गप्प राहण्याचा हाही हिशोब शास्त्रातच आहे.

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव स्टेशन लागतं, बऱ्याच गाड्या थांबत नाहीत, पण मी खिडकीतून बघते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे उभं राहून मुलींच्या शिक्षणाबद्दल आणि बायकांना बाई डॉक्टर मिळाल्या पाहिजेत याबद्दल त्या बोलल्या, तेव्हा त्या पंचविशीतही नव्हत्या आणि ख्रिस्तीही झालेल्या नव्हत्या. पुढे आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणण्यात घालवली. "स्त्रियांनी गप्प बसावं" ही वचनं पण त्यांनीच मराठीत लिहिली असणार, एकेक शब्द तोलून. मला त्या टेबलावर त्यांचा चेहरा बघायला आवडलं असतं.

एस्तेर राणीचंही तसंच. तिला वाढवलेल्या मर्दखयाने आधी सांगितलं तू यहूदी आहेस हे, तुझी जात-कूळ सांगू नको, तिने नाही सांगितलं. मग वेळ आल्यावर त्यानेच निरोप पाठवला की या वेळी तू गप्प बसलीस तर सुटका दुसरीकडून येईल, पण तू आणि तुझं घराणं बुडेल. तीच मुलगी, तोच सल्लागार, सल्ला उलटा. आणि तिने काय केलं, धावत जाऊन ओरडली नाही. तीन दिवस उपास, मग राजाला जेवायला बोलावलं, राजा म्हणाला माग काय हवं ते, तरी त्या जेवणात बोलली नाही, उद्या परत या म्हणाली. दुसऱ्या जेवणात, तिच्या लोकांच्या जिवावर उठलेला हामान समोर बसलेला असताना, बोलली.

आमच्या आत्याने आयुष्यात असं एकदा केलेलं मला माहीत आहे. चर्चमधलीच एक मुलगी, सासर सोलापूरपासून लांब नाही. माहेरी आली की आत्याकडे यायची, कधी हात सुजलेला, कधी ओठ. पडले म्हणायची. आत्या पट्टी बांधायची, विचारायची नाही. पण एका खेपेला विचारलं, "मी बोलू का?" मुलगी म्हणाली नको. आत्याने नाही बोललं. पुढच्या खेपेला परत विचारलं, आणि त्या वेळी ती म्हणाली बोला.

मग बैठक झाली सासरच्या घरी, दोन्हीकडचे लोक, पाळक, गावातले दोन वडीलधारे. सासरचे म्हणत होते मुलगी नाटकी आहे, हिला मोबाईलचं वेड आहे, संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच. माहेरचे खाली बघत होते. आत्या कोपऱ्यात बसलेली, ती म्हणाली, "हिचा हात मी दोनदा बांधलाय. पहिला डावा, मग उजवा. पडलेल्या हाताला बोटांचे वळ नसतात. तिसऱ्यांदा मी बांधणार नाही, मी हिला घेऊन जाते." झालं. कुणीही तिला तुम्हाला काय माहीत असं विचारलं नाही, कारण त्या खोलीतल्या निम्म्या लोकांच्या घरातलं तिला काय काय माहीत होतं आणि तिने कधी काय सांगितलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. सासऱ्यांनी फक्त चहा आणा म्हणून आत आवाज दिला. आत्या चहा न घेता मुलीची बॅग उचलून रिक्षात बसली.

ती मुलगी आता पुण्यात असते, स्वतः कमावते. हे लिहायच्या आधी मी तिला फोन केला, तुझं लिहू का म्हणून विचारलं. म्हणाली, "लिही की गं. गावाचं नाव तेवढं घालू नको, माझी जाऊ अजून तिथंच राहती."